पान बत्तीसवरची गृहिणी

१९ जून

ती. काका,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून कंबरेने संप पुकारला आहे.)

तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तर "काय ते लिहून कळव, बोललेलं वाऱ्यावर जातं" म्हणून ठेवून देता. म्हणून लिहायला बसले. बातमी अशी की मला कॉलेजात नोकरी लागली, आणि नोकरीबरोबर एक विषयही लागला. विषयाचं नाव "चिकित्सक विचार". यंदापासून पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना सक्तीचा. तो कोणी शिकवायचा हे ठरवायला बैठक झाली तेव्हा मी रुजू व्हायची होते, त्यामुळे तो एकमताने माझ्या गळ्यात मारण्यात आला.

नेमणूक तात्पुरती आहे. सहामाही परीक्षेनंतर एक समिती येणार, वर्गात बसणार आणि हा विषय मुलांमध्ये मुरलाय का ते बघणार. मुरलेला दिसला तर मी कायम. नाही तर विषयही बंद आणि मीही. तुम्हाला माहीत आहे, ही माझी तिसरी तात्पुरती नोकरी. आता चौथीकडे अर्ज करायचं त्राण माझ्यात नाही.

वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरतो. दारावर अजून "क्रीडा साहित्य" अशी पाटी आहे आणि कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू. पहिल्या दिवशी मी मुलांना म्हटलं, "मी सांगते ते सगळंच खरं मानू नका." सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. मग विचारलं, "कोणाला काही शंका?" शेवटी मागून एकाने विचारलं, "मॅडम, शंका किती ओळींत लिहायची?" दुसऱ्याने विचारलं, शंका सक्तीची आहे की पर्यायी.

एकच समाधान आहे. या विषयाचं गाईड निघूच शकत नाही. विचार कसा करायचा हे पाठ करून कोणाला येणार? तुम्ही गाईडं लिहिणं सोडलंत ते बरं केलंत, नाही तर हा विषय बघून तुमची झोप उडाली असती.

काकूला नमस्कार. ती कशी आहे?

तुमची
खुसपट


२६ जून

चि. खुसपटीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नोकरीबद्दल अभिनंदन. लहानपणी तू प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचीस म्हणून मी तुझं हे नाव ठेवलं. आता त्याचा पगार मिळतो आहे, हे पाहून नाव ठेवणाऱ्याला समाधान वाटतं.

"गाईड निघूच शकत नाही" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. तरुण माणसांनी इतकं ठाम बोलू नये. असो.

निवृत्तीनंतर माझ्या बुद्धीला काही खाद्य नाही. तेव्हा तू मला या विषयाबद्दल सविस्तर लिहीत जा. मला तुझा विद्यार्थीच समज. फक्त कागदाच्या एकाच बाजूला लिही, डावीकडे समास सोड, व्याख्या वेगळ्या ओळीवर घे आणि प्रत्येक व्याख्येखाली निदान दोन उदाहरणं दे. माझ्या डोळ्यांसाठी सांगतो आहे.

तुझी काकू बरी आहे. शेजारी बसून माझं काहीबाही उतरवून काढते आहे. माझं अक्षर जगात फक्त तिलाच लागतं आणि तिचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. ती काही बोलत नाही. सुखी आहे.

तुझा
काका


१४ जुलै

ती. काका,

साष्टांग नमस्कार. तुम्ही विद्यार्थी व्हायचं म्हणता तर व्हा. निदान एक तरी असा मिळेल जो "परीक्षेत येणार का?" असं विचारत नाही.

या आठवड्यात मी "गृहीत" शिकवलं. तुम्ही सांगितलं तसं वेगळ्या ओळीवर लिहिते:

प्रत्येक विधानामागे एक न बोललेलं गृहीत उभं असतं. त्याला शोधून काढावं आणि त्याच्याशिवाय विधान उभं राहतं का ते पाहावं.

उदाहरण पहिलं. "खिडकीत दिवा दिसतोय, म्हणजे घरात कोणीतरी आहे." यातलं गृहीत असं की घरातली माणसं जाताना दिवा बंद करतात. आमच्या घरी कोण करायचं?

उदाहरण दुसरं. "प्राचार्य हसले, म्हणजे रजा मंजूर." यातलं गृहीत असं की प्राचार्य खूश असले तरच हसतात. खरं म्हणजे आमच्या प्राचार्यांची दाढ दुखते तेव्हाही त्यांचं तोंड अगदी तस्संच होतं. मी दोनदा फसले आहे. (हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं पहिल्यांदा जागी झाली.)

वर्गात एक मुलगी आहे, दाराजवळ बसते. काहीही सांगा, हात वर करून "पण पुरावा काय?" म्हणते. मुलं तिला पुरावाच म्हणतात. काल तिने मला विचारलं, "मॅडम, हा विषय शिकून माणूस विचार करायला लागतो याला पुरावा काय?" मी म्हटलं, "तू." ती म्हणाली, "मी आधीपासूनच अशी आहे." मी हजेरी घ्यायला घेतली.

घरात इतकं मन लावून माझं कोणीच कधी वाचलं नाही, काका. पत्र टाकलं की आठवड्यात तुमचं उत्तर येतं. खरंच बरं वाटतं.

तुमची
खुसपट


२० जुलै

चि. खुसपटीस अनेक आशीर्वाद.

वा! गृहीत फारच छान उलगडलंस. प्राचार्यांचं उदाहरण तर रत्न आहे.

आता पुढचे घटक भराभर पाठव: अनुमान, पुरावा, साधार मत वगैरे. जे अजून वर्गात शिकवलेलं नाहीस तेही पाठवलंस तरी चालेल. विद्यार्थ्याने दोन पावलं पुढे असावं. आणि परीक्षेत साधारण कशा प्रकारचे प्रश्न येतील, त्याचा एक नमुना मला दिलास तर मी घरी बसून सोडवीन म्हणतो. तेवढीच करमणूक.

तुझ्या पत्राची शाई फिकी आहे. काकूला उतरवताना त्रास होतो. म्हणजे वाचताना.

तुझा
काका


३ ऑगस्ट

ती. काका,

साष्टांग नमस्कार. सोबत उरलेले सगळे घटक आणि परीक्षेत विचारीन म्हणते असे प्रश्न. तुमची उत्तरं जरूर पाठवा, मी लाल शाईने तपासून देईन आणि अजिबात दयामाया दाखवणार नाही.

पुरावा आता एकटी राहिलेली नाही. तिच्या बाकावर अजून दोघं जण खुसपट काढायला लागले आहेत. समिती येईल तेव्हा वर्ग असाच असला तर मी सुटले.

तुमची
खुसपट


१२ ऑक्टोबर

ती. काका,

साष्टांग नमस्कार. माझ्या ऑगस्टच्या पत्राला उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? मला मात्र तुमच्याशिवाय कोणाला सांगावं ते कळत नाही, म्हणून लिहिते.

परीक्षा झाली. पेपर तपासायला घेतले. प्रश्न साधा होता: "दुकान बंद आहे, म्हणजे आज सुट्टी असणार. या विधानामागचं गृहीत शोधा." पहिल्याच पेपरात काय लिहिलंय बघा:

"प्रत्येक विधानामागे एक न बोलणारी गृहिणी उभी असते. तिला शोधून काढावे आणि तिच्याशिवाय विधान उभे राहते का ते पाहावे. वरील विधानात दुकानदाराची गृहिणी आजारी असावी."

मला वाटलं पोरगं पेंगत असेल. दुसरा पेपर घेतला. त्यातही गृहिणी. तिसऱ्यात ती माहेरी गेलेली. एकाने लिहिलं होतं की दुकानदार अविवाहित असल्यास हे विधान सिद्ध करता येणार नाही. काका, अख्ख्या वर्गात गृहिणी! पुरावाच्या पेपरातसुद्धा! मी आधी हसले, मग रडायला आलं, मग पुन्हा हसले. मानसशास्त्राच्या बाईंनी येऊन पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी कारण कळलं. बाजारात गाईड आलंय. पिवळं कव्हर, वर नाव "चिकित्सक विचार: हमखास यश", आणि लेखक कोण, तर "एक अनुभवी प्राध्यापक". मी ते चाळलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाक्यं माझी आहेत. दिवा माझा, दुकान माझं, प्राचार्यांची दाढसुद्धा माझी. समिती आली आणि मुलं एका सुरात गृहिणी म्हणायला लागली तर मला दुसऱ्याच दिवशी नवा अर्ज लिहायला बसावं लागेल.

हा नीच माणूस कोण ते शोधायला मी माझंच शास्त्र लावलं. माझ्या वह्या कोणाच्या नजरेस पडतात? शेजारच्या टेबलाच्या. शेजारच्या टेबलावर कोण बसतं? मानसशास्त्राच्या बाई. त्या दिवशी त्या इतक्या तत्परतेने पाणी घेऊन का आल्या? मला जवळजवळ खात्रीच झाली आहे. त्यांना कसं पकडू ते तुम्ही सांगा. तुम्ही या धंद्यात होतात, तुम्हाला गाईडवाल्यांच्या खोडी ठाऊक असतील.

तुमची
खुसपट


१७ ऑक्टोबर

चि. खुसपटीस अनेक आशीर्वाद.

इतका संताप बरा नाही. रक्तदाब वाढतो.

माझं ऐक. मानसशास्त्राच्या बाईंना काही बोलू नकोस. लेखक कोणी का असेना, त्याने तुझा विषय घरोघरी पोचवला, ही एक बाजू झाली. मुलांनी अभ्यास केला, ही दुसरी. तेव्हा मोठ्या मनाने सगळ्यांना गुण देऊन टाक. निकाल चांगला लागला की समिती खूश होते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

राहता राहिली गृहिणी. तो निव्वळ मुद्रणदोष आहे. इतक्या घाईत छापलेल्या पुस्तकात पान बत्तीसवर एखादा शब्द इकडचा तिकडे होणारच. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त करतीलच.

काकू बरी आहे.

तुझा
काका


२२ ऑक्टोबर

काका,

गृहिणी पान बत्तीसवर आहे हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं.

हे वाक्य लिहिलं. मग तुमची सगळी पत्रं काढली. समास सोड. एका बाजूला लिही. प्रत्येक व्याख्येखाली दोन उदाहरणं. मी मुलांना रोज सांगते की न बोललेलं गृहीत शोधा, आणि माझं गृहीत असं की तुम्ही गाईडं लिहिणं सोडलंत. ते तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं. मीच समजून चालले होते. मानसशास्त्राच्या बाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली, आणि मग प्रत्यक्षही. त्यांना कशाची माफी ते कळलं नाही.

आता पुढचं ऐका. वर्गाने प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली आहे. माझ्याविरुद्ध! गाईड मॅडमनीच लिहिलं आणि आम्हाला विकलं, असा आरोप आहे. अक्षर पुरावाचं. तक्रारीत लिहिलंय की गाईडमधली उदाहरणं फक्त आमच्या वर्गात सांगितलेली आहेत. मॅडमनी जे सप्टेंबरच्या शेवटी शिकवलं ते सप्टेंबरच्या सुरुवातीलाच छापून आलंय. परीक्षेचे प्रश्न जसेच्या तसे आतमध्ये आहेत. आणि "या विषयाचं गाईड निघूच शकत नाही" असं मॅडम पहिल्या दिवसापासून ठासून सांगत होत्या, जे गाईड काढणाराच सांगेल.

काका, या चार महिन्यांत माझ्या हाती आलेलं हे सगळ्यात उत्तम लिखाण आहे. मला राहवलं नाही, मी पेन्सिलीने त्याला दहापैकी आठ गुण दिले. दोन कापले, कारण दुसरी शक्यता त्यांनी तपासलीच नाही. पण ती शक्यता म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही त्यांना कुठून माहीत असणार?

प्राचार्यांनी स्वतःच्या दाढेबद्दल वाचलं आहे. मला बोलावून ते हसले. कोणत्या अर्थाने ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी समिती येते आहे आणि आधी ही तक्रार ऐकणार आहे. मला एवढंच हवंय की तुम्ही दोन ओळी लिहून पाठवा: गाईड माझं आहे, पुतणीला माहीत नव्हतं. एवढ्यावर माझी नोकरी वाचते.

— खुसपट


२६ ऑक्टोबर

चि. खुसपटीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मुद्देवार उत्तर देतो.

मुद्दा पहिला. मी जे केलं ते विषयाच्या प्रेमापोटी. "निघूच शकत नाही" हे शब्द माझ्यासारख्याला लिहून पाठवू नयेत.

मुद्दा दुसरा. प्रकाशकाने नुकतीच दुसरी आवृत्ती मागितली आहे. "एक अनुभवी प्राध्यापक" या नावाला बाजारात पत आहे. ते नाव म्हणजे कोण, हे एकदा उघड झालं की माझ्या आजवरच्या सगळ्याच पुस्तकांवर शंका घेतली जाईल.

मुद्दा तिसरा, आणि हा तू तुझ्याच शास्त्राने तपासून पाहा. गाईड मी लिहिलं याला पुरावा काय? हस्तलिखित प्रकाशकाकडे आहे आणि त्यात माझ्या हातचं एक अक्षर नाही. सगळं अथपासून इतिपर्यंत तुझ्या काकूच्या हातचं आहे. तेव्हा मी लिहून तरी काय देऊ?

समितीपुढे शांत राहा. अशा समित्या चहा घेऊन निघून जातात.

तुझा
काका


२७ ऑक्टोबर

चि. खुसपटीस आशीर्वाद.

यांनी तुला काय लिहिलं ते मला माहीत आहे, कारण ते पत्रही मीच स्वच्छ करून उतरवलं. तिसरा मुद्दा लिहिताना हात थांबला होता. यांनी विचारलं, "काय झालं, पेन चालत नाही का?" मी म्हटलं, "चालतंय."

सगळं माझ्या हातचं आहे, हे त्यांनी खरं लिहिलं.

मी शनिवारी येते आहे. तुझ्याकडे जास्तीची उशी आहे का? नसली तरी येते.

तुझी
काकू


७ नोव्हेंबर

काका,

तुम्ही तीन तारा केल्यासारखी तीन पत्रं पाठवलीत: काकू पोचली का, काकू कधी येते, आणि तुमच्या चष्म्याचं घर कुठे आहे. पोचली. घर कपाटात वरच्या फळीवर. मधल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. काकू शेजारीच बसली आहे. आज मी उतरवून घेते आहे आणि ती बोलते आहे, तेव्हा खालचं सगळं दोघींचं समजा.

सोमवारी जिन्याखालच्या खोलीत समिती बसली. एक अध्यक्ष, एक बाई आणि एक गृहस्थ, जे फक्त चहा आला की मान वर करत. प्राचार्य दाराशी. वर्ग गच्च भरलेला. पुरावाने उठून तक्रार वाचून दाखवली. मग अध्यक्षांनी पिवळं गाईड उघडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ही न बोलणारी गृहिणी काय प्रकार आहे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू आत आली. मी तिला बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. प्राचार्य म्हणाले, "बाई, आपण कोण?"

काकू म्हणाली, "मी पान बत्तीस."

कोणी हसलं नाही. तिचा आवाजच असा होता. मग तिने सगळं सांगितलं. गाईड माझ्या यजमानांचं आहे. वाक्यं या मुलीची आहेत, तिने काकाला विश्वासाने पत्रं लिहिली त्यातली. तिला न विचारता छापली. आणि गृहिणी मी घातली, जाणूनबुजून.

पुरावा लगेच उठली. (काका, अशा वेळी कोणीही गप्प बसलं असतं.) म्हणाली, "काकू, चूक झाल्यावर मुद्दाम केली असं कोणीही म्हणेल. पुरावा काय?" तिच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "थांब. छापणाऱ्याची चूक असती तर एक शब्द बदलला असता. इथे 'न बोललेलं' चं 'न बोलणारी' झालंय, 'त्याला' चं 'तिला' झालंय. चूक कोणी व्याकरण सांभाळून करत नाही." अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. पुरावा म्हणाली, "हे पटतं. पण पुरेसं नाही."

काकूला ती मुलगी फार आवडली. ती म्हणाली, "बरं, मग पुस्तक न बघता सांगते. पान सत्तेचाळीस उघड. अनुमानाची व्याख्या वाच."

पुरावाने वाचलं: "दोन विधाने शेजारी ठेवली की त्यातून आपोआप जे निघते, त्याला अपमान म्हणतात."

"आता पान एकसष्ट. साधार मताचं."

"प्रत्येक मत साभार परत करावे."

खोलीत जो हशा पिकला! सगळ्यांनी हे पाठ केलं होतं, काका, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मग पुरावाने दप्तरातून तिचा पेपर काढला आणि समितीला दाखवला. "मॅडम, मी 'अपमान' लिहिलं होतं. तुम्ही मला पूर्ण गुण दिलेत." मी पाहिलं. खरंच दिले होते. सगळ्यांनाच दिले होते. मला अनुमान दिसायला हवं होतं, म्हणून मला अनुमान दिसलं. हे मी समितीपुढे कबूल केलं. दुसरं काय करणार? मग मी पुरावाला विचारलं की तू तरी गृहिणी कशी लिहिलीस. ती म्हणाली, "शंका मला आली होती, मॅडम. पण गुण गृहिणीला होते."

समितीतल्या बाईंनी काकूला विचारलं, असं का केलंत? काकूने दिलेलं उत्तर तिच्याच शब्दांत देते, कारण ते तुमच्यासाठी आहे:

"मुलीची पत्रं उतरवताना मला लाज वाटत होती. यांना एकदा म्हटलं, 'तिला विचारलंत का?' तर म्हणाले, 'तू लिही.' मला वाटलं, छापायच्या आधी हे एकदा तरी वाचतील, गृहिणी बघून चिडतील आणि मला विचारतील, मग मी बोलेन. यांनी वाचलंच नाही. तीस वर्षं मी लिहिलेलं यांनी कधी वाचलं नाही, कारण मी चुकणार नाही असं धरून चालतात. मला तरी गृहीत आणि गृहिणी यात मोठा फरक दिसला नाही. दोन्हींना नुसतं धरून चालतात."

चहावाले गृहस्थसुद्धा चहा विसरले.

निकाल असा. समितीने शेरा लिहिला: "विद्यार्थी पुस्तकावर, प्राध्यापिकेवर आणि साक्षीदारावर सारख्याच तत्परतेने शंका घेतात. विषय मुरलेला दिसतो." तेवढ्यात पुरावाने विचारलं की एका तासाच्या कामकाजावरून समिती असा निष्कर्ष कसा काढू शकते. अध्यक्ष म्हणाले, "आता पुरे." मी कायम झाले, काका. प्राचार्य हसले. मी थेट विचारलंच, "सर, हे हसू की दाढ?" ते म्हणाले, "दोन्ही."

मला तुमचा राग आहे आणि तो लवकर जाणार नाही. तेवढं सांगायचं होतं.

— खुसपट

ता.क. काकू रोज माझ्या वर्गात येऊन बसते. पुरावाच्या बाकावर.


१६ नोव्हेंबर

चि. खुसपटीस अनेक आशीर्वाद.

तू कायम झालीस, याचा मनापासून आनंद झाला. मी तुला दोन ओळी लिहून दिल्या नाहीत, हे फार वाईट केलं. आता समितीला, प्राचार्यांना आणि प्रकाशकाला लिहिलं आहे, माझ्या नावाने, माझ्या अक्षरात. प्रकाशकाचं उत्तर आलं की पत्र लागलं नाही, कृपया स्वच्छ करून पाठवावे. पुन्हा लिहितो आहे. दुसरी आवृत्ती निघालीच तर तुझ्या नावाने आणि तुझ्या परवानगीने निघेल. नाही तर निघणार नाही.

अक्षर लागत नसेल तर क्षमस्व. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे.

यापुढचा मजकूर काकूला वाचून दाखव. नको, तिच्या हातातच दे. ती वाचते.

घर फार शांत झालंय. तू बोलत नव्हतीस तेव्हासुद्धा इतकं शांत नव्हतं. परवा गाईड घेऊन बसलो आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. आपलं पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. बत्तीस, सत्तेचाळीस, एकसष्ट, सगळी पानं पाहिली. मग पुन्हा सुरुवातीला आलो. कव्हरच्या आतल्या पानावर लेखकाचं नाव आहे. तिथे काय छापलंय ते तू कोणालाच सांगितलेलं दिसत नाही. समितीलाही नाही, आणि त्या पुरावालाही नाही. "एक अननुभवी प्राध्यापक."

एक 'न' जास्तीचा. एवढी पुस्तकं खपली आणि तो कोणाला दिसला नाही, मलाही नाही. तीस वर्षांत तू मला एकदाही नाही म्हणाली नाहीस असं मी लोकांना कौतुकाने सांगत होतो. मग माळ्यावरची सगळी जुनी गाईडं खाली काढली. आता एकेक वाचतो आहे. व्यापारी पत्रव्यवहाराच्या गाईडात तुझे असे तीन शब्द सापडले. अजून कुठे कुठे आहेत ते तू सांगू नकोस, माझे मला शोधू दे.

परत ये असं लिहिणार होतो, पण तू येशीलच असं धरून चालायची सवय आता मोडायची आहे. तेव्हा विचारतो. येशील का?

आणि अजून एक. खुसपटीला माफीचं वेगळं पत्र लिहायला घेतलंय, त्यात तो शब्द दोनदा येतो, आणि आजवर तो माझ्यासाठी तूच लिहीत आलीस. गृहीतमधल्या 'ह'ची वेलांटी पहिली की दुसरी, तेवढं कळव.

तुझा
(नाव माझं मीच लिहिलंय, वाचता आलं तर बघ)